वाळूजची इर्जिक

गुरुवार, ८ जानेवारी. गारखेडा, छत्रपती संभाजीनगर.

हजर: मी, म्हणजे सुलभा. माझे यजमान विलास. माझी धाकटी बहीण मीरा, जिच्या घरी आम्ही उतरलो. तिचे यजमान दत्ताराव. दत्तारावांच्या आई, ज्यांना घरात आणि घराबाहेर सगळे माई म्हणतात. गैरहजर: माझी झोप, कारण कोल्हापूरहून रात्रभरचा प्रवास झाला होता. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सहलीचा हेतू आधी सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ नीट कळेल. मीरा गाड्यांना लागणारी रबराची सीलं बनवते. आजवर तिचा कारखाना पैठण रस्त्यावर चितेगावला भाड्याच्या शेडमध्ये होता. आता वाळूजला तिची स्वतःची शेड उभी राहिली होती. वीज आली होती, फरशी वाळली होती, फक्त कारखाना तिथे जायचा राहिला होता. तिचं मोठं गिऱ्हाईक वाळूजमधलाच एक मोठा वाहन कारखाना. त्यांचा नियम असा की माल बनवण्याची जागा बदलली तर त्यांची माणसं येऊन नव्या जागेतला पहिला नग स्वतः तपासणार. तो पसंत पडला तरच पुढचा माल घेणार. नाही पडला तर पुण्याचा एक पुरवठादार आधीच दारात उभा होता. मीराने चार वर्षं खपून उभं केलेलं काम त्या एका नगावर टेकलेलं होतं.

मी कोल्हापूरच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात नियोजनाचं काम बघते. कशाच्या आधी काय व्हायला हवं आणि काय अडलं तर सगळंच अडेल, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे या स्थलांतराचा आराखडा मी दोन महिने आधीपासून फोनवरून केला होता. रंगीत पट्ट्या, प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव, प्रत्येक नावापुढे वेळ. शुक्रवारी वेरूळ. शनिवारी बांधाबांध. रविवारी हायड्रा, म्हणजे यंत्रं उचलणारी फिरती क्रेन, बोलावून यंत्रं हलवायची. सोमवारी जोडणी, मंगळवारी गिऱ्हाइकाची माणसं.

वेरूळ विलाससाठी होतं. ते शाळेत भूगोल आणि इतिहास शिकवतात आणि आजवर त्यांनी वेरूळ पाहिलेलं नाही, याची त्यांना त्यांच्या शाळेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांसमोर लाज वाटते. या प्रवासात त्यांची एवढी एकच मागणी होती. मी ती यादीत पहिली लिहिली होती, ठळक.

दुपारी माईंनी येसर आमटी आणि ज्वारीच्या भाकरी वाढल्या. येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. ते पाण्यात कालवून उकळलं की झाली आमटी. आमच्याकडे पाहुणा आला की आधी तांबडा-पांढरा रस्सा, त्यासाठी मटण, त्यासाठी सकाळपासून धावपळ. इथे डब्यातून दोन चमचे पीठ काढलं की पाहुणा खूश. नियोजन म्हणतात ते हे, असं मी म्हणाले. माई म्हणाल्या, "नियोजन कसलं? दळून ठिवलंय म्हणून हाय."

जेवण चाललं होतं तेवढ्यात मीराचा फोन वाजला. ती उठून गॅलरीत गेली आणि परत आली तेव्हा तिने हातातला घास ताटात तसाच ठेवला. गिऱ्हाइकाची माणसं मंगळवारी येऊ शकत नव्हती. त्यांचा दुसरीकडे दौरा निघाला होता. येणार तर परवा, शनिवारी सकाळी. नाही तर थेट पुढच्या महिन्यात, आणि तोवर मीराकडे साठवलेला माल संपलेला असणार.

मी लगेच वही उघडली. उद्याचा एकच दिवस हातात होता. हायड्रा रविवारची सांगितलेली, माणसं रविवारची सांगितलेली. मी म्हणाले की सगळे पर्याय लिहून काढू. दत्ताराव आमटीत भाकरी कुस्करत होते. शेतकरी घरातला माणूस, वाळूजला एका कारखान्यात पाळीवर काम करतो, बोलणं मोजकं. ते मान वर न करता म्हणाले, "उद्याच तं हाय. म्या समद्यायला उद्याचंच सांगितलंय."

कुणाला सांगितलं, कधी सांगितलं, असं मी विचारलं. तेव्हा बाहेर आलं ते असं. वाळूजमधल्या बहुतेक कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी असते. रविवारी तिथे सगळे कामावर असतात. ज्या माणसांच्या भरवशावर मी रविवारचा आराखडा केला होता, त्यांतला एकही रविवारी मोकळा नव्हता. आमच्याकडे कारखान्यांना सोमवारी सुट्टी असते, हे मला चांगलं माहीत. तरी दुसऱ्या गावात मात्र रविवार असणार, असं मी का धरलं, देव जाणे. मीराला विचारलं, तुला माहीत असून बोलली का नाहीस. ती म्हणाली, "ताई, तू रविवार इतका ठासून लिहिलास की मला वाटलं त्यात तुझं काहीतरी गणित असणार."

आणि हे गणित चुकलंय हे ओळखून दत्तारावांनी कुणालाही न सांगता आठवड्यापूर्वीच शुक्रवारची इर्जिक घातली होती.

इर्जिक हा शब्द मला वाचून माहीत होता. ज्याची नांगरट मागे पडली असेल त्याच्या रानात एके दिवशी शेजारपाजारचे सगळे आपापली औतं आणि बैल घेऊन येतात आणि दिवस मावळायच्या आत रान उलथून देतात. मजुरी कुणी घेत नाही. घरधन्याने पोटभर जेवू घालायचं, आणि पुढे ज्याच्यावर वेळ येईल त्याच्या रानात आपण जायचं. दत्तारावांनी तीच पद्धत कारखान्याला लावली होती. गावातले, भावकीतले, पाळीवरचे, सगळे. बैलांऐवजी ज्याच्याकडे जे असेल ते.

मी विचारलं, नक्की किती जण येणार, काय काय घेऊन येणार. दत्ताराव म्हणाले, "येतील की."

वेरूळ मी यादीतून खोडलं नाही. त्यापुढे बाण काढून 'पुढे' असं लिहिलं. विलासनी तो बाण बघितला आणि आणखी एक भाकरी मागितली.

शुक्रवार, ९ जानेवारी. सकाळ. चितेगाव.

मी पट्ट्या नव्याने रंगवल्या आणि पहाटेच्या थंडीत चितेगावच्या शेडच्या दाराला चिकटवल्या. एक हायड्रा, एक टेम्पो, सहा माणसं, या हिशेबाने. मीराचे तीन प्रेस. कच्चं रबर साच्यात ठेवायचं, साचा प्रेसमध्ये दाबायचा, वर तापवायचा, की सील तयार. तिघांतला मोठा प्रेस नव्या शेडच्या आतल्या कोपऱ्यात बसणार, म्हणून तो आधी आत जायला हवा. मग मधला, मग धाकटा, मग कंप्रेसर, रबराचे गठ्ठे, रॅक, कपाटं. आणि सगळ्यात महत्त्वाचा तो साचा. शनिवारी जो नग दाखवायचा त्याचा साचा एकच होता, एकावर एक बसणाऱ्या तीन जाड पोलादी पाटांचा. त्याच्या खाचेला ओरखडा गेला तर निघणाऱ्या प्रत्येक सीलला ओरखडा. तो मीराने स्वतः ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून आपल्या कारच्या डिकीत ठेवला. त्या पट्टीवर मी तिथल्या तिथे 'झालं'ची खूण केली. त्या दिवसातली ती पहिली खूण, आणि खोटी.

मग पैठण रस्त्यावरून इर्जिक आली.

आधी आवाज आला. मग ट्रॉली जोडलेले ट्रॅक्टर आले, एकामागोमाग एक, पुढच्याच्या बॉनेटवर झेंडूचा हार. मग टेम्पो. मग मोटारसायकली, एकेकीवर तिघे. एक जण कारखान्यातली हातगाडी मोटारसायकलला मागून बांधून घेऊन आला होता. शेवटी पिवळी हायड्रा, आणि तिच्यावर गॉगल लावून बसलेले सलीमभाई. सलीमभाई दत्तारावांचे पाळीवरचे जुने दोस्त. आता स्वतःची हायड्रा चालवतात आणि शुक्रवारी ती उभी असते. ते खाली उतरले, माझ्या पट्ट्या खालपासून वरपर्यंत वाचल्या आणि म्हणाले, "मॅडम, लई खूबसूरत बनाए. फोटो निकालू क्या?"

त्यांनी फोटो काढला. बाकी कुणी पट्ट्यांकडे बघितलंसुद्धा नाही. इर्जिकीत शेताच्या ज्या कडेला माणूस उभा असेल तिथून तो सुरू करतो. इथेही तसंच झालं. जो ज्या वस्तूशेजारी उभा होता त्याने ती उचलली. मी एका गृहस्थांना थांबवून विचारलं की हे कपाट आत्ता कशाला. ते म्हणाले, "ताई, हातात आलंय ते आता खाली कसं ठिवू?" मी बाजूला झाले. माझ्या नोकरीत माणसं कमी पडतात, यंत्रं कमी पडतात, वेळ कमी पडतो. सगळंच जास्त झालं तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. बघता बघता शेड रिकामी झाली. मी केलेल्या आराखड्यात याला दुपार व्हायला हवी होती, आणि अजून माझा सकाळचा चहा व्हायचा होता.

मला हसू यायला लागलं. का ते सांगता येत नाही. रिकाम्या शेडमध्ये फक्त माझ्या पट्ट्या उरल्या होत्या आणि विलास त्यांच्यापुढे हात मागे बांधून उभे होते, संग्रहालयात उभे राहतात तसे.

शुक्रवार, दुपार. वाळूज.

पैठण रस्त्यावरून लिंक रोडने एका टेम्पोत बसून वाळूजला जाताना दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि मध्येच कारखान्यांच्या भिंती. आमच्याकडे उसाच्या फडात कारखान्याचं धुराडं दिसतं, इथे हुरड्याला आलेल्या ज्वारीत. एका ट्रॉलीतले लोक बांधावर उतरून कणसं घेऊन आले आणि चालत्या ट्रॉलीतून आमच्या खिडकीत देऊन गेले. मी ती घेतली. आराखड्यात नव्हती, पण घेतली.

वाळूजच्या त्या गल्लीत शिरलो आणि हसू थांबलं. सगळं एकदम निघालं होतं, म्हणून सगळं एकदम पोचलं होतं. नव्या शेडला दार एकच. दारात सगळ्यात पुढे कपाटं, त्यामागे रॅक, त्यामागे रबराच्या गठ्ठ्यांची ट्रॉली, मग दोन टेम्पो, मग धाकटा प्रेस, मग मधला. आणि जो सगळ्यांच्या आधी आत जायला हवा होता तो मोठा प्रेस हायड्राला टांगलेला, गल्लीच्या तोंडाशी, सगळ्यांच्या मागे. मागे सरायला कुणाला जागा नव्हती, आणि सरायची कुणाला इच्छाही नव्हती. इतक्या लांबून आणलेलं आधी आपलंच आत जावं, असं प्रत्येकाला वाटत होतं. ट्रॅक्टरवर गाणी चालू होती.

दाराच्या आत, शेडच्या मधोमध, माई. त्या मीराच्या कारमधून सगळ्यांच्या आधी पोचल्या होत्या. नव्या वास्तूत आधी चूल पेटली पाहिजे, हा त्यांचा नियम. शेवटचं यंत्र उंबऱ्याच्या आत आलं की त्याच चुलीवर दूध उतू घालायचं, आणि त्यानंतरच काम सुरू. तोपर्यंत चुलीवर चहा. त्यांनी मला मोठ्या पितळी पातेल्यातून कप भरून दिला. त्या दिवसाचा माझा तो पहिला चहा, आणि इतका चांगला चहा मी बऱ्याच दिवसांत प्यायले नव्हते. चूलही छान झाली होती. माई म्हणाल्या, "या कारखान्याच्या जागंत दगूड मिळंल का नाय, याचाच घोर होता. पण लई बेस मिळाले. जरा डुगत नायत." मी हो म्हणाले आणि दुसरा कप घेतला.

मग मी बाहेर आले आणि एका रिकाम्या पिंपावर चढले. दत्तारावांनी मला हात दिला. मी त्यांना विचारलं की तुमच्या रानात इतकी औतं एकदम उतरायची, तेव्हा ती एकमेकांत अडकायची नाहीत का.

"कशाला अडकतील?" ते म्हणाले. "पुढचं औत ठरल्यालं असायचं. त्येनं तास पाडायचा. बाकीच्यांनी त्येच्या मागं चालायचं."

तास म्हणजे नांगराने पाडलेली चर. आमच्या धंद्यात याला, म्हणजे ज्या कामावाचून बाकी सगळं अडतं त्या वाटेला, क्रिटिकल पाथ म्हणतात. दोन तास मी ते इंग्रजी नाव घेऊन माणसांच्या मागे फिरत होते. मी पिंपावरूनच ओरडून सांगितलं की आज पुढचं औत म्हणजे मोठा प्रेस. बाकी काही सांगावं लागलं नाही. गाणी बंद झाली. कपाटं ट्रॉलीत परत चढली. ट्रॅक्टर बाजूला वळून शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर गेले आणि तिथे ओळीने लागले, पुढे मधला प्रेस, त्यामागे धाकटा, अगदी बैल जुंपल्यासारखे. हायड्रा गल्लीतून पुढे आली. सलीमभाईंनी जाता जाता गॉगल वर करून मला विचारलं, "अब ये औत किधर डालू, पाटलीनबाई?"

मोठा प्रेस कोपऱ्यात बसला. मधला निम्म्या वाटेवर होता, तेव्हा मीरा कारच्या डिकीपाशी उभी दिसली. डिकी उघडी होती. आत गोणपाट होतं, दोरी होती. साचा नव्हता.

तिने आरडाओरड केली नाही. मला जवळ बोलावून फक्त दाखवलं. मग आम्ही दोघींनी हळूच विचारायला सुरुवात केली, आणि इथे मला इर्जिकीची दुसरी बाजू कळली. सगळ्यांनी मिळून उचललं की कुणी काय उचललं हे कुणालाच सांगता येत नाही. डिकीतलं सामान कुणी काढलं? मी नाही, तो लाल टोपीवाला. लाल टोपीवाला म्हणाला, मी फक्त धरलं, घेतलं दुसऱ्याने. दुसरा म्हणाला, मी आत नेऊन दिलं. आत कुणाला? तेवढं त्याला आठवत नव्हतं, कारण परत जाऊन त्याने तसंच आणखी बरंच आत नेऊन दिलं होतं. दत्ताराव मोटारसायकलवर चितेगावला जाऊन आले. तिथली शेड झाडल्यासारखी स्वच्छ होती. ट्रॉल्या उलथ्यापालथ्या करून झाल्या, रॅकमागे बघून झालं. आता सगळ्या इर्जिकीला कळलं होतं की साचा हरवलाय. मीरा पायरीवर बसून नुसती दाराकडे बघत होती. गिऱ्हाइकाला काय सांगायचं याचं वाक्य ती मनात जुळवते आहे, हे मला तिच्या ओठांवरून कळत होतं.

विलासना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते माईंजवळ पाटावर बसून चहा पीत होते. माई त्यांना सांगत होत्या की वेरूळ कुठं पळून जात नाय, पाव्हणं, डोंगरातच हाय. विलास चुलीकडे वाकून बघायला लागले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, गुडघे टेकले.

"सुलभा," त्यांनी मला हाक मारली, "इकडे ये. या दगडावर कोरीव काम आहे."

मी म्हणाले, विलास, आत्ता नको.

"अगं बघ तरी. वर्तुळात वर्तुळ आहे. इतकं रेखीव! आणि खाली काहीतरी लेख आहे. इंग्रजी आकडे दिसतायत."

मी बघितलं. मीरा माझ्या आधी पोचली होती. चुलीचे तिन्ही दगड एका मापाचे होते, कारण ते एकाच साच्याचे तीन पाट होते.

झालं होतं ते इतकं सरळ. सगळीकडे सिमेंट आणि फरशी, दगड मिळेनात, म्हणून माईंनी आत-बाहेर करणाऱ्या कुणाला तरी सांगितलं की तीन चांगले सपाट बघून आण. त्याने डिकीतलं गोणपाट सोडलं. तीन होते, सपाट होते. आल्यापासून अख्खी इर्जिक त्यावर उकळलेला चहा पीत होती, आणि त्यातले चार कप मी.

मीराने हात पुढे केला तशी माईंनी तो धरला. हे वाक्य लिहिताना मला अजून हसू येतंय, पण तेव्हा दोघीही हसत नव्हत्या.

"माई, तो दगड नाही. तो साचा आहे. तो गेला तर उद्याचा दिवस गेला."

"असंल. पण पेटल्याली चूल दूध उतू जायच्या आधी मोडू नये. नव्या जागंत तर नायच."

"तो तापतोय, माई."

"चहानं का तापतंय व्हय लोखंड? तुमच्या त्या यंत्रात काय गारठ्यात ठेवता का त्येला?"

हे खरं होतं. प्रेसमध्ये तो साचा याहून कितीतरी जास्त तापतो. भीती तापण्याची नव्हतीच, ओरखड्याची होती, आणि तो जायचा असता तर एव्हाना गेलेला होता. मीरा माझ्याकडे बघत होती. मी तिच्या सासूबाईंना एकच गोष्ट विचारली, दूध कधी. माई म्हणाल्या, शेवटचं यंत्र उंबऱ्याच्या आत आल्यावर.

म्हणजे धाकटा प्रेस आत, मग दूध, मग साचा, मग प्रेस तापवणं, मग उद्या. सगळ्या कामाची वाट आता एका पातेल्यातून जात होती. मी दारात जाऊन तेवढंच सांगितलं. मधला प्रेस कसा बसला आणि धाकटा कसा आत आला, ते मला नीट दिसलंच नाही. खांद्याला खांदे लागले होते. सलीमभाई "धीरे, धीरे" म्हणत होते आणि स्वतःच घाई करत होते. धाकट्याखालच्या गाड्याचं शेवटचं चाक उंबऱ्यावरून उतरलं, तशी माईंनी चहाचं पातेलं उतरवून दुधाचं चढवलं.

मग आम्ही सगळे दुधाकडे बघत उभे राहिलो.

मी आयुष्यात पुष्कळ बैठका बसून काढल्या आहेत. इतकी एकाग्र बैठक एकही नव्हती. ट्रॅक्टरवाले, पाळीवाले, लाल टोपीवाला, मीरा, सगळे त्या चुलीभोवती. कुणी काडी सारायला वाकलं की माई त्याच्या हातावर हलकेच मारत. कुणी तरी म्हणालं, पाणी लई घातलंय वाटतं. त्याला सगळ्यांनी गप्प केलं. साय आली, कडेने बुडबुडे आले, पुन्हा बसले. सलीमभाई हळूच म्हणाले, "इतना तो मैं अपने रिझल्ट के दिन नै डरा." मग दूध फुगलं, काठाशी क्षणभर थांबलं आणि पूर्वेच्या बाजूने खाली आलं, सरळ मीराच्या साच्यावर.

माईंनी नमस्कार केला. मग स्वतःच पदराने पातेलं उतरवलं आणि मीराला म्हणाल्या, "घे आता तुझा दगूड."

तो निवल्यावर मीराने एकेक पाट चिंधीने पुसला. कडेच्या दोन पाटांच्या खाचा माईंनी बाहेरच्या बाजूला ठेवल्या होत्या, म्हणून त्यांना काही झालं नव्हतं. मधल्या पाटाला दोन्हीकडे खाचा होत्या. त्याची एक बाजू काळी झाली होती. तिने ती पुन्हा पुन्हा पुसली आणि मग डोळे मिटून खाचेवरून बोट फिरवलं, पूर्ण गोल. आम्ही दुधाकडे बघत होतो तसेच आता तिच्या बोटाकडे बघत होतो.

"गुळगुळीत आहे," ती म्हणाली, आणि मग रडली.

ऊन उतरताना पंगत बसली. मटणाचा रस्सा, बिनमटणाचा येसरचा, भाकरी, ठेचा, आणि वाटेत आणलेला हुरडा त्याच चुलीच्या निखाऱ्यावर. चूल आता खऱ्या दगडांची होती. ते आणायला दत्ताराव स्वतः गेले होते, आणि आणल्यावर त्यांनी ते आधी मीराला दाखवले.

शनिवार, १० जानेवारी. वाळूज, आणि मग शहर.

गिऱ्हाइकाकडून दोघे आले, एक बाई आणि एक तरुण इंजिनिअर. पहिला नग काढला तो बिघडला. प्रेस पुरेसा तापला नव्हता. मीराने तो त्यांच्यासमोरच बाजूला टाकला आणि ती प्रेस तापायची वाट बघत थांबली. मी मध्ये बोलणार होते, पण तिच्याकडे बघून वही मिटली. बाई म्हणाल्या, प्रेस तापण्याआधीचा धरत नाही. दुसरा नग निघाला. बाईंनी तो वाकवला, ताणला, खिडकीपाशी नेऊन भिंगातून बघितला. मग विचारलं की एका दिवसात हे सगळं हलवलं कसं, आराखडा कुणाचा होता. मीराने माझ्याकडे बोट दाखवलं आणि मी दत्तारावांकडे. दत्तारावांनी माईंकडे दाखवलं. बाईंनी माईंना नमस्कार केला आणि कागदावर सही केली. जाताना त्या म्हणाल्या की शेडमध्ये दुधाचा वास येतोय.

संध्याकाळी शहरात जाऊन विलासनी नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खाल्ला आणि त्यानंतर जिलबीसारखी इमरती, आणि त्यानंतर आणखी एक इमरती. वेरूळचा विषय मी काढलाच नाही, कारण काम लवकर उरकल्याने माझ्या कारखान्याने परत बोलावलं होतं आणि रविवारी सकाळची गाडी धरायची होती. सोडायला सलीमभाई आले होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, इर्जिक में तुम भी गिन लिए गए. अब मेरी बारी." एप्रिलमध्ये त्यांच्या मुलीचं लग्न आहे. पाहुणे सगळे एकदम येतात. कुणाला आधी बसवायचं, जेवणाच्या देगा, म्हणजे मोठी पातेली, कधी चढवायच्या, मांडव कुणी बघायचा, हे त्यांना एकट्याने झेपत नाही. "मेरेकू हायड्रा चलाना आता, शादी चलाना नै आता. वो पट्ट्यां बनाके देव." मी हो म्हटलं. इर्जिकीत नाही म्हणायची सोय नसते.

रविवारी कोल्हापुरात परतले, ती त्या यादीला लागले. मांडव, पाणी, देगा, गाड्या, बिदाई, सगळ्याच्या पट्ट्या झाल्या. प्रत्येकीपुढे नाव आहे. फक्त वरची पहिली पट्टी कोरी आहे, कारण या लग्नात पुढचं औत कोणतं, ते ठरत नाहीये. सलीमभाईंना फोन केला, तर ते म्हणाले माईंना विचारतो. माईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या आधी पोरीला विचारा. पोरीचा निरोप अजून आलेला नाही.

दरम्यान त्या कोऱ्या पट्टीवर विलासनी पेन्सिलीने 'वेरूळ' असं लिहून ठेवलंय. मी ते खोडलेलं नाही. 'झालं'ची खूणही केलेली नाही.